वजन घटविण्याची शस्त्रक्रिया : पूर्वतयारी आणि नंतरचे आयुष्य

अंगाने भरलेला माणूस दिसला की ‘खात्यापित्या घरचा आहे’ असे कौतुकाने म्हणण्याची रीत आपल्या समाजात फार जुनी आहे. दुष्काळ आणि धान्यटंचाई यांच्या आठवणी ताज्या होत्या त्या काळी भरलेले अंग हे सुस्थितीचे लक्षण मानले जाई, यात नवल नव्हते. आता परिस्थिती पालटली आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष यांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक असल्याचे आढळून आले. गोव्यातील स्त्रियांमध्ये तर हे प्रमाण सुमारे ३६ टक्के होते. अतिरिक्त वजनाच्या मागोमाग मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, यकृतातील चरबी आणि झोपेत श्वास अडखळणे हे विकार येतात, ही गोष्ट आता ग्रामीण भागातही अनुभवास येऊ लागली आहे.

अशा स्थितीत वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेचे नाव गावोगावी कानावर पडू लागले आहे. कोणी तिला ‘पोट लहान करण्याचे ऑपरेशन’ म्हणतो, कोणी ‘चरबी काढण्याचे’. या शस्त्रक्रियेविषयी दोन टोकांचे गैरसमज आढळतात. एक असा की, ती श्रीमंतांची हौस आहे. दुसरा असा की, एकदा ती करून घेतली म्हणजे पुढे काही करावयास नको. दोन्ही समज चुकीचे आहेत. शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातात ते एक-दोन तास. परंतु तिची तयारी काही आठवड्यांची असते आणि तिच्यानंतरचे पथ्य जन्माचे असते. या दोन्हींची कल्पना आधीच असली, तरच हा उपचार हितावह ठरतो.

चरबी काढणे नव्हे

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, या शस्त्रक्रियेत शरीरावरील चरबी कापून काढीत नाहीत. बदल करावयाचा असतो तो जठरात, आणि काही प्रकारांत लहान आतड्याच्या मार्गातही. वजन कमी होते ते त्या बदलाचा परिणाम म्हणून, हळूहळू, साधारणपणे वर्ष-दीड वर्षाच्या काळात.

हे तंत्र आजकालचे नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन व डॉ. चिकाशी इटो यांनी १९६६ च्या सुमारास ‘गॅस्ट्रिक बायपास’ ही पद्धत सुरू केली. जठराच्या वरच्या टोकाशी केवळ ३० मिलिलिटर मावेल एवढी लहानशी पिशवी राखून ती थेट लहान आतड्याला जोडावयाची, असे तिचे आजचे स्वरूप आहे. अन्न उरलेल्या जठराला व आतड्याच्या पहिल्या भागाला वळसा घालून पुढे जाते. दुसरी पद्धत ‘स्लीव्ह’ या नावाने ओळखली जाते. तीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकतात आणि सदऱ्याच्या बाहीसारखी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. या दोन्ही शस्त्रक्रिया आता बहुधा दुर्बिणीच्या साहाय्याने, पोटावर चार-पाच लहान छिद्रे पाडून केल्या जातात. रुग्ण सर्वसाधारणपणे दोन-तीन दिवसांत घरी जाऊ शकतो.

पोट लहान झाल्याने कमी खाल्ले जाते, हे तर खरेच. परंतु एवढ्यानेच वजन उतरत नाही. भुकेची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचविणारा ‘घ्रेलिन’ नावाचा अंतःस्राव १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधून काढला. तो मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतो. हा भाग काढून टाकल्यावर भूकच मंदावते. अन्न आतड्यात लवकर पोहोचल्यामुळे तृप्तीची जाणीव देणारे व साखरेवर नियंत्रण ठेवणारे इतर स्राव वाढतात. यावरून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. वजन कमी न होणे हा नेहमीच इच्छाशक्तीचा किंवा आळसाचा प्रश्न नसतो. शरीर आपले वाढलेले वजन टिकवून धरण्यासाठी भूक वाढविते आणि शक्तीचा खर्च घटविते. म्हणूनच अनेकांनी प्रामाणिकपणे केलेले पथ्य काही महिन्यांत निष्फळ ठरते. अशा माणसाला दोष देणे अन्यायाचे आहे.

ही शस्त्रक्रिया कोणासाठी

उंचीच्या मानाने वजन किती आहे हे पाहण्यासाठी किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागतात. येणाऱ्या अंकास बीएमआय म्हणतात. समजा, एका गृहिणीची उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ९६ किलो आहे. १.६ चा वर्ग २.५६ होतो. ९६ ला २.५६ ने भागले असता ३७.५ हा अंक येतो. भारतीयांच्या बाबतीत २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा, असे मानण्याची शिफारस भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये केली. याचे कारण आपल्या लोकांच्या पोटाभोवती चरबी लवकर साठते व मधुमेह तुलनेने कमी वजनातच गाठतो.

१९९१ मध्ये अमेरिकेत ठरलेल्या निकषांनुसार बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असेल, अथवा ३५ असून सोबत गंभीर विकार असतील, तरच शस्त्रक्रिया सुचविली जात असे. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय शल्यचिकित्सक संघटनांनी हे निकष बदलले. आता ३५ च्या पुढे इतर विकार असोत वा नसोत, आणि ३० च्या पुढे मधुमेहासारखा विकार असल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे सांगण्यात येते. आशियाई लोकांच्या बाबतीत २७.५ पासूनच हा विचार करावा, अशीही शिफारस आहे. अर्थात केवळ अंक पाहून निर्णय घ्यावयाचा नसतो. आहार, व्यायाम व औषधे यांचा नेटाने प्रयत्न झालेला असणे, रुग्णाला उपचाराचे स्वरूप समजलेले असणे आणि पुढील तपासण्यांसाठी येत राहण्याची त्याची तयारी असणे, या गोष्टी तितक्याच महत्त्वाच्या आहेत. अलीकडे वजन कमी करणारी प्रभावी इंजेक्शनेही मिळू लागली आहेत. ती बंद केल्यावर वजन बहुतांशी परत येते, हे ध्यानात घेऊन त्यांचाही विचार डॉक्टरांशी बोलून करावा.

लाभ किती आणि धोका किती

वरील उदाहरणातील गृहिणीचे वजन शस्त्रक्रियेनंतर २५ ते ३० टक्क्यांनी, म्हणजे २४ ते २९ किलोंनी उतरेल, अशी अपेक्षा धरता येते. तिचे वजन ६७ ते ७२ किलोंच्या दरम्यान येईल. चित्रपटातील नायिकेसारखी ती सडपातळ होणार नाही. परंतु गुडघ्यांवरचा भार हलका होईल, जिना चढताना धाप लागणार नाही आणि रात्री शांत झोप लागेल.

स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांहून अधिक स्थूल व्यक्तींचा दीर्घकाळ अभ्यास करण्यात आला. त्यांपैकी सुमारे निम्म्या व्यक्तींवर शस्त्रक्रिया झालेली होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तींचे आयुर्मान न झालेल्यांपेक्षा सुमारे ३ वर्षांनी अधिक दिसून आले. मधुमेहाच्या बाबतीत अमेरिकेतील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पाच वर्षांनंतर रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखविणारा अंक ६ किंवा त्याखाली राहिलेले रुग्ण बायपास केलेल्यांत २९ टक्के, स्लीव्ह केलेल्यांत २३ टक्के आणि केवळ औषधे घेणाऱ्यांत ५ टक्के होते. फरक मोठा आहे. तथापि शस्त्रक्रिया करूनही दहांपैकी सात जणांना ते लक्ष्य गाठता आले नाही, हेही या आकड्यांतून दिसते. म्हणून ‘मधुमेह कायमचा जाईल’ असे आश्वासन देणाऱ्या जाहिरातींपासून सावध राहावे.

अनुभवी पथक असलेल्या रुग्णालयात पहिल्या महिन्यातील मृत्यूचे प्रमाण हजारी एक ते तीन इतके अल्प असते. टाक्यांतून गळती होणे, रक्तस्राव आणि पायातील रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन अडकणे हे मुख्य धोके होत. धोका अल्प असला तरी तो शून्य नाही, हे घरातील कर्त्या माणसांनी समजून घेतल्याखेरीज संमतिपत्रावर सही होऊ नये.

पूर्वतयारी : शरीराची

शस्त्रक्रियेपूर्वी रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, यकृत, मूत्रपिंड व थायरॉइड यांच्या तपासण्या होतात. लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व यांचे प्रमाण आधीच पाहून घेणे अगत्याचे असते. शाकाहारी कुटुंबांत बी-१२ ची उणीव पुष्कळदा आढळते आणि शस्त्रक्रियेनंतर ती अधिकच वाढते. ही उणीव अगोदर भरून काढावी. हृदयाचा आलेख, पोटाची सोनोग्राफी आणि जठराची दुर्बिणीतून तपासणी करतात. जो मोठ्याने घोरतो आणि दिवसा पेंगतो, त्याच्या झोपेची तपासणी करून घेतात. झोपेत श्वास अडखळत असल्यास भूल देताना विशेष काळजी घ्यावी लागते.

विडी, सिगारेट व तंबाखू किमान सहा आठवडे आधी पूर्णपणे बंद झाली पाहिजे, आणि ती पुन्हा सुरू होता कामा नये. धूम्रपानाने जखम भरण्यास विलंब होतो, फुप्फुसे दुबळी होतात व जोडलेल्या जागी व्रण होतो.

शेवटचे दोन आठवडे बहुधा कमी कॅलरींचा व अधिक प्रथिनांचा आहार देतात. पुष्कळांना ही शिक्षा वाटते. परंतु तिच्यामागे सरळ कारण आहे. स्थूल व्यक्तीचे यकृत चरबीने सुजलेले असते आणि ते नेमके जठरावर पसरलेले असते. या आहाराने यकृत आक्रसते व शल्यचिकित्सकाला जठरापर्यंत पोहोचणे सोपे जाते. ‘आता पुढे खायला मिळणार नाही’ म्हणून शेवटच्या आठवड्यात मनसोक्त जेवण करण्याचा मोह पडतो. त्याने शस्त्रक्रियाच अवघड होऊन बसते.

चालू असलेल्या प्रत्येक औषधाची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाची काही औषधे, वजन घटविण्याची इंजेक्शने आणि कुटुंबनियोजनाच्या गोळ्या यांपैकी काही शस्त्रक्रियेपूर्वी थांबवाव्या लागतात. काढे, भस्मे अथवा चूर्णे घेत असल्यास तीही सांगावीत. त्यात संकोच नसावा.

पूर्वतयारी : मनाची आणि घराची

मानसोपचारतज्ज्ञांची भेट सांगितली की, ‘मला काय वेड लागले आहे?’ असा प्रश्न विचारला जातो. ही भेट वेडेपणा शोधण्यासाठी नसते. दुःख, एकटेपणा किंवा चिंता यांवर उतारा म्हणून खाण्याची सवय असेल, तर तो आधार शस्त्रक्रियेनंतर एकाएकी नाहीसा होतो. त्या वेळी मनाचा तोल राहावा म्हणून ही चौकशी असते.

घरच्या मंडळींची तयारी तर त्याहून महत्त्वाची. स्वयंपाकघर बदलल्याशिवाय रुग्णाचे पथ्य टिकत नाही. घरातील सर्वांसाठी भजी तळली जात असताना एकट्याने मुगाचे कढण पीत बसावे, ही अपेक्षा फार काळ पुरी होत नाही. स्वयंपाक करणारी व्यक्तीच रुग्ण असेल, तर तिची कसोटी दुप्पट असते. म्हणून आहारतज्ज्ञांच्या भेटीला घरातील आणखी एकाने तरी जावे.

खर्चाचा विचारही आधीच व्हावा. रुग्णालयाकडून लेखी अंदाज घ्यावा. त्यात पुढील गोळ्या व वार्षिक तपासण्या यांची भर स्वतः घालावी. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या अटींनुसार वय किमान १८ असेल, डॉक्टरांनी सल्ला दिलेला असेल, इतर उपाय करूनही उपयोग झालेला नसेल आणि बीएमआय ४० असेल, अथवा ३५ असून सोबत हृदयविकार, तीव्र निद्राश्वसनविकार किंवा काबूत न येणारा मधुमेह असेल, तर या शस्त्रक्रियेला विम्यातून वगळण्याची अट लागू होत नाही. वैद्यकीय निकष आणि विम्याचे निकष वेगळे आहेत, हे यावरून ध्यानात येईल. प्रत्येक विमापत्रातील प्रतीक्षाकाळाची अट वाचून व कंपनीकडून लेखी मंजुरी घेऊनच पुढे जावे. शासकीय वा निमशासकीय सेवेतील व्यक्तींनी प्रतिपूर्तीचे नियम आपल्या कार्यालयात आधी विचारून घ्यावेत.

पहिले दोन महिने : घोटाघोटाने

शस्त्रक्रियेच्या दिवशीच संध्याकाळी अथवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला चालविले जाते. पायात गुठळी होऊ नये यासाठी हे चालणे म्हणजे औषधच होय.

आहार पायरीपायरीने वाढवितात. पहिले एक-दोन दिवस पाणी, शहाळे, पेजेची निवळ यांसारखे पातळ द्रव देतात. पुढील सुमारे दोन आठवडे ताक, साय काढलेले दूध, वरणाचे गाळलेले पाणी, मुगाचे कढण आणि डॉक्टरांनी सांगितलेली प्रथिनांची भुकटी घ्यावयाची असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेले वरण, दही, मऊ अंडे, कुस्करलेले पनीर किंवा काटे काढून कुस्करलेली मासळी चालते. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मऊ शिजविलेले अन्न आणि दोन महिन्यांच्या सुमारास नेहमीचे जेवण सुरू होते. रुग्णालयागणिक या वेळापत्रकात थोडाफार फरक असतो. आपल्या रुग्णालयाने दिलेला कागद प्रमाण मानावा.

नेहमीचे जेवण म्हणजे पूर्वीइतके जेवण नव्हे. एक लहान वाटी भरली की पोट भरते. या वाटीत आधी काय जावे याला फार महत्त्व आहे. दिवसाकाठी ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जाणे जरूर असते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, अर्धा लिटर दुधात १६ ग्रॅम, ३० ग्रॅम कोरड्या डाळीत ७ ग्रॅम, १०० ग्रॅम मासळीत २० ग्रॅम व तितक्याच पनीरमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. म्हणून ताटातील प्रथिने आधी, भाजी नंतर आणि भात किंवा भाकरी शेवटी, हा क्रम पाळावा. आधी भात खाल्ला तर पोट भरते आणि वरण तसेच राहते. अशाने चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

प्रत्येक घास वीस-पंचवीस वेळा चावावा. जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर अर्ध्या तासाने घोटाघोटाने प्यावे, पण दिवसभरात दीड-दोन लिटर पोटात जाईल याकडे लक्ष ठेवावे. भरल्याची पहिली जाणीव होताच ताट बाजूला सारावे. ‘एवढा घास टाकून काय करायचे’ म्हणून खाल्लेला घास उलटीवाटे बाहेर पडतो.

बायपास झालेल्या व्यक्तीने श्रीखंड, बासुंदी किंवा शीतपेय घेतले तर पाव-अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात मुरडा व जुलाब असा त्रास होऊ शकतो. साखर एकदम आतड्यात उतरल्यामुळे हे घडते. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातील साखर अकस्मात उतरून चक्कर येते. हे वारंवार होत असेल तर डॉक्टरांना कळवावे.

गोळ्या : जन्माचे व्रत

सर्वांत अधिक हयगय येथेच होते. वर्ष उलटते, वजन उतरते, प्रकृती उत्तम वाटते आणि मग ‘आता गोळ्या कशाला?’ असा विचार बळावतो. परंतु कमी झालेला आहार आणि बदललेले आतडे यांमुळे अन्नातून पुरेशी जीवनसत्त्वे व क्षार मिळणे यापुढे शक्य नसते. शरीरातील साठा काही महिने पुरतो, बी-१२ चा तर काही वर्षेही पुरतो. उणीव दिसू लागते ती या साठ्याचा तळ लागल्यावर. तोपर्यंत हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, स्मरण मंदावणे असे नसांचे नुकसान सुरू झालेले असते आणि ते नेहमीच भरून येते असे नाही.

सर्वसाधारणपणे दररोज बहुजीवनसत्त्वांची गोळी, बी-१२ ची ३५० ते १००० मायक्रोग्रॅमची गोळी अथवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन, १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम विभागून, ड जीवनसत्त्व आणि लोह, एवढे घ्यावे लागते. पाळी चालू असलेल्या स्त्रियांना व बायपास झालेल्यांना ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह लागते. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतल्यास लोह अंगी लागत नाही. दोहोंमध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. लोहाच्या गोळीबरोबर चहाही नको. प्रमाण व्यक्तीगणिक ठरते. म्हणून तीन, सहा व बारा महिन्यांनी आणि त्यानंतर दरवर्षी रक्ताची तपासणी करून घ्यावी. ज्याला ही तपासणी आयुष्यभर करणे जमणार नाही, त्याने शस्त्रक्रियेचा फेरविचार करावा, असे म्हणणे कठोर वाटले तरी हिताचे आहे.

कधी धाव घ्यावी

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत नाडी मिनिटाला १२० च्या वर जाणे, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात तीव्र वेदना, धाप लागणे किंवा एका पोटरीला सूज येणे, यांपैकी काहीही आढळल्यास सकाळची वाट न पाहता शस्त्रक्रिया झालेले रुग्णालय गाठावे.

आणखी एक लक्षण गावपातळीवर विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. सतत होणाऱ्या उलट्यांकडे ‘पित्त झाले असेल’ म्हणून दुर्लक्ष होते. शरीरातील बी-१ जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवड्यांतच संपतो. त्यानंतर डोळ्यांची हालचाल बिघडणे, चालताना झोक जाणे व संभ्रम होणे अशी मेंदूची लक्षणे उद्भवतात आणि ती कायमची राहू शकतात. अशा रुग्णाला नुसते साखरेचे सलाइन लावल्यास अपाय वाढण्याचा संभव असतो. त्यापूर्वी बी-१ चे इंजेक्शन द्यावयास हवे. म्हणून आरोग्य केंद्रात पाऊल ठेवताच ‘वजनाचे ऑपरेशन झाले आहे’ हे रुग्णाने अथवा नातलगाने सांगावे. शस्त्रक्रियेचा प्रकार व तारीख लिहिलेली चिठ्ठी नेहमी जवळ बाळगावी.

अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून घेऊ नयेत. विशेषतः बायपासनंतर अशा वेदनाशामक गोळ्यांनी जठराच्या जोडावर व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. मधुमेह व रक्तदाबाच्या औषधांची मात्रा शस्त्रक्रियेनंतर झपाट्याने कमी करावी लागते. जुन्या चिठ्ठीप्रमाणे इन्सुलिन चालू ठेवणे धोक्याचे आहे. वजन वेगाने उतरताना पित्ताशयात खडे होतात. ते टाळण्यासाठी काही महिने गोळी दिली जाते, ती मध्येच सोडू नये. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. प्रथिने व लोह पुरेसे असल्यास ते पुन्हा येतात.

स्त्रियांनी लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

वजनामुळे पाळी अनियमित झालेल्या अनेक स्त्रियांची पाळी शस्त्रक्रियेनंतर सुरळीत होते आणि ‘आता दिवस जाणार नाहीत’ असे मानून निश्चिंत राहिलेल्या स्त्रीला अनपेक्षितपणे गर्भ राहतो. पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी. या काळात आईचेच पोषण अपुरे असते, तेथे बाळाचे कसे होणार? बायपासनंतर तोंडाने घेण्याच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. तांबीसारख्या दुसऱ्या साधनाचा सल्ला घ्यावा. नंतर गर्भ राहिल्यास मधुमेहाची तपासणी करण्यासाठी ग्लुकोजचे पाणी देण्यापूर्वी परिचारिकेला शस्त्रक्रियेची कल्पना द्यावी. त्या पाण्यानेच त्रास होऊ शकतो आणि तपासणीचा दुसरा मार्ग उपलब्ध आहे.

उपवास, मद्य आणि पंगत

निर्जळी उपवास पहिल्या वर्षी तरी करू नये. रोजा असो वा हरतालिका, पाण्यावाचून राहण्याने मूत्रपिंडांवर ताण पडतो. एरवीच्या एकादशीलाही साबुदाण्याची खिचडी व रताळी यांत पिष्टच अधिक असते. त्याऐवजी दूध, ताक व शेंगदाण्याची पातळ आमटी घ्यावी. धर्माचरणात आजाऱ्याला सवलत आहे, हे वडीलधाऱ्यांनी आपण होऊन सांगितले तर रुग्णाच्या मनावरचा भार हलका होतो.

बायपास झालेल्या व्यक्तीच्या रक्तात मद्य फार लवकर चढते आणि अल्प मात्रेनेही नशा येते. खाण्याची जागा पिण्याने घेतल्याची उदाहरणे वैद्यकीय अभ्यासांत नोंदलेली आहेत. ज्याच्या घराण्यात व्यसनाचा इतिहास आहे, त्याने तर मद्यापासून दूरच राहावे.

राहिली पंगत. आग्रह करून वाढणे हे आपल्या आतिथ्याचे भूषण. परंतु ज्याच्या जठरात एका वाटीपुरतीच जागा आहे, त्याच्या ताटात ‘माझ्या हातचा एक’ म्हणून लाडू टाकणे हे प्रेम नव्हे. त्याचबरोबर ‘ऑपरेशन करून बारीक झालास, त्यात काय मोठे?’ असे हिणवणेही योग्य नव्हे. ज्यांनी ही वाट धरली आहे, त्यांनी सोपी वाट धरलेली नाही.

वजन पुन्हा वाढू लागले तर

दुसऱ्या वर्षानंतर काही किलो वजन परत येणे स्वाभाविक आहे. ते फार वाढू लागल्यास लाजेने तपासणी टाळणे हीच खरी चूक होते. पातळ गोड पदार्थ, फरसाण, वेफर, आइस्क्रीम हे लहान पोटातूनही सहज खाली उतरतात. दिवसभर थोडे थोडे चरत राहिल्यास शस्त्रक्रियेचा उपयोग राहात नाही. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालणे आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करणे, यांना पर्याय नाही. बागकाम, विहिरीचे पाणी ओढणे ही कामेही व्यायामच होत. तरीही वजन वाढत राहिले तर औषधोपचाराचा मार्ग खुला असतो.

वजन खूप उतरल्यावर पोट व दंड यांवरील कातडी लोंबते. तिचे दुःख अनेकांना होते, पण ते बोलून दाखविले जात नाही. त्यासाठी वेगळी शस्त्रक्रिया आहे. मात्र वजन स्थिरावेपर्यंत थांबावे लागते.

सर्वांचा हातभार

शस्त्रक्रिया शहरातल्या रुग्णालयात होते. तिच्यानंतरची वर्षे मात्र गावातच काढावयाची असतात. कार्यालयप्रमुखाने कर्मचाऱ्याला दोन-तीन तासांनी दहा मिनिटे थोडे खाण्यासाठी मोकळीक द्यावी आणि वार्षिक तपासणीची रजा नाकारू नये. आरोग्यसेविकेने अशा व्यक्तीची नोंद ठेवून गोळ्या चालू आहेत की नाहीत याची विचारपूस करावी. शिक्षकांचे काम याच्याही आधीचे आहे. वर्गात जाड्या मुलाला चिडविले जात असेल तर ते थांबविणे, सर्वांना खेळाच्या मैदानावर नेणे आणि डब्यातील पाकीटबंद खाऊच्या जागी उसळ-भाकरी येईल हे पाहणे, एवढे झाले तरी यांतील कित्येक मुलांवर पुढे शस्त्रक्रियेची वेळ येणार नाही.

आणि ज्यांच्यावर ती आलेली आहे, त्यांनी ऑपरेशनची तारीख ठरविण्यापूर्वी घरातल्या सर्वांना एकत्र बसवून एकच प्रश्न विचारावा: पुढच्या वर्षी, पाच वर्षांनी आणि वीस वर्षांनीही या गोळ्यांची, या वाटीची आणि या तपासण्यांची आठवण कोण ठेवणार? या प्रश्नाचे उत्तर घरात मिळाले, म्हणजे पूर्वतयारीतला अवघड भाग पार पडला, असे समजावे.